नाखव्याशिवाय सुटलेली होडी

मिलिंद,

तू गेल्यापासून सगळे मला एकच विचारतायत, आता पुढे काय होणार. तुझ्या आईचं पुढे काय, असं नव्हे. नौपाड्याच्या घराचं काय, असंही नव्हे. खाडीपारमध्ये पुढे काय होणार, हे विचारतात. मला माहीत नाही, असं सांगून सांगून मी दमले आहे. चिडायचं तर कोणावर, हाही प्रश्नच. इतकी वर्षं असल्या गोष्टींसाठी मी तुझ्यावर चिडत आले, तेव्हा आताही तुझ्यावरच चिडते.

तुला न्यायला गाडी यायची होती आणि आम्ही सगळे तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभे होतो. हरेश माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मेधाताई, रविवारचं काय करायचं मग?" मी म्हटलं, "अरे, आधी त्याला जाऊ तर दे." त्यावर तो तिथेच कोणाच्या तरी स्कूटरवर बसून रडायला लागला. बँकेत मॅनेजर असलेला, चांगला धिप्पाड माणूस. शेवटी मीच त्याला पाणी आणून दिलं. रविवार हा शब्द त्याच्या तोंडून गेला इतकंच, माझ्याही मनात तोच घोळत होता.

तेराव्याला तुझा पुण्याचा चुलतभाऊ भेटला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की ही सगळी खाडीपारची मंडळी. त्याने विचारलं, "खाडीपार म्हणजे संस्था वगैरे आहे का काही?" मी त्याला समजावून सांगितलं. हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे, मिलिंदने स्वतः बनवलेला. त्यात बंदुका नाहीत, गुण नाहीत, कोणी जिंकत नाही. खाडीकाठचं एक गाव आहे, त्याच्या नकाशावर माणसांची छोटी चित्रं फिरतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि ते काय बोलतं, काय करतं ते लिहायचं. बाकीच्यांना ते दिसतं, ते आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. मी त्यात झाडपाला विकणारी पारू आहे, हरेश मिठागरावरचा धर्मा आहे, आणि मिलिंद होडीवाला नाखवा होता. दर रविवारी दुपारी चारला गावात काहीतरी घडतं, त्याला आम्ही घडामोड म्हणतो, आणि ती मिलिंद रचायचा. चुलतभावाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अच्छा, म्हणजे टाइमपास." मी म्हटलं, हो. वाद घालायचं त्राण नव्हतं अंगात.

तू असतास तर घातला असतास. तासभर त्याला सोडलं नसतंस. इतर मोठमोठ्या खेळांमध्ये राक्षस मारला की पाच मिनिटांनी तोच राक्षस तिथेच उभा असतो, पुढच्या गिऱ्हाइकासाठी, मेलेल्याला लाज म्हणून नाही, हे तुझं आवडतं भाषण त्याला ऐकावं लागलं असतं. खाडीपारमध्ये तसं चालायचं नाही. घडामोड एकदाच व्हायची. पूल पडला तर पडला, नव्याने आलेल्या माणसाला त्याचे नुसते खांब दिसणार. मेलेलं पात्र परत यायचं नाही. आणि घडामोडीत जो जे बोलला ते बोलला, मागे घ्यायची सोय तू ठेवलीच नव्हतीस. त्या रविवारी ज्याला यायला जमलं नाही त्याची ती घडामोड कायमची गेली. ह्यावरूनच आपलं वाजलं, आणि ते भांडण मिटायच्या आत तू निघून गेलास.

प्राजक्ताची गोष्ट. तुला ती विसरता आली नव्हती हे मला माहीत आहे. कल्याणच्या हॉस्पिटलात नर्स असलेली आपली प्राजक्ता खाडीपारमध्ये तारा होती, दीपस्तंभ सांभाळणाऱ्याची बहीण. दीपस्तंभ पडणार, तिचा भाऊ त्यात जाणार, हे तू वर्षभर रचत आणलं होतंस. भावाचं पात्र करणारा मुलगा परदेशी निघाला होता, म्हणून ते पात्र संपवायचं होतं. प्राजक्ताने त्यासाठी रविवार मोकळा करून ठेवला. आणि त्या दिवशी तिला सोडवायला येणारी सिस्टर आलीच नाही. वॉर्ड टाकून ही कशी येणार? दीपस्तंभ पडला, भाऊ गेला, सगळं गाव किनाऱ्यावर जमलं आणि बहीण तेवढी नव्हती. तिने नंतर तुझ्याकडे मागितलं ते फार काही नव्हतं. तो मुलगा जायच्या आत चार माणसांत परत एकदा करू या, इतकंच. तू नाही म्हणालास.

मी कोर्टातल्या कामातून सुटले ती तशीच चालत नौपाड्यात आले आणि तुला त्या कोपऱ्यावरच्या उडुप्याकडे बोलावून घेतलं. मी म्हटलं, "आमचं कोर्टसुद्धा गैरहजर माणसाला पुढची तारीख देतं रे."

"म्हणूनच तुमचे खटले संपत नाहीत," तू म्हणालास.

"मस्करी नको. ती रडत होती फोनवर."

"मेधा, जे लोक त्या दिवशी खरंच रडले, ते परत काय करतील? ॲक्टिंग? धर्माने त्या दिवशी पाण्यात उडी मारली, कोणी सांगितलेलं नव्हतं त्याला. आता मी त्याला सांगू, बाबा, परत मार?"

"मारेल की. एका बाईसाठी एक रविवार खोटं रडलं तर काय बिघडतं?"

"पहिलं पण खोटं होतं मग," असं म्हणून तू अर्धा डोसा टाकून उठलास. नंतर कितीतरी दिवस आपण बोललो नाही. गंमत अशी की खाडीपारमध्ये बोलावं लागायचंच. पारू नाखव्याशी अगदी नीट बोलायची, त्याच्या गुडघ्याला लेप द्यायची, आणि मेधा मिलिंदचा फोन उचलायची नाही. हरेशला हे कळल्यावर तो जो हसला होता.

हा हट्ट तुझ्यात आला कुठून, ते मला नंतर थोडंफार समजलं. एका शनिवारी तू मला कल्याणजवळच्या मोहन्याला घेऊन गेलास. तुझं लहानपण तिथल्या कामगार वसाहतीत गेलं, वडील कारखान्यात होते, हे मला ऐकून माहीत होतं. बंद गेटासमोर उभं राहून तू मला दाखवत होतास, इथे गणपतीचा मांडव, इथे नाटकाचा रंगमंच, इथे आमचा नळ. दिसत काहीच नव्हतं, गवत होतं. परत येताना रिक्षात तू सांगितलंस की वसाहतीतल्या जुन्या लोकांचं दरवर्षी संमेलन भरतं आणि तू एकदाच गेला होतास. तेच जुने विनोद, त्याच जागी तेच लोक हसतात, कोणीतरी बाबांची नक्कल करून दाखवली. "बाबा तसे नव्हतेच बोलत," तू म्हणालास, आणि कल्याण येईपर्यंत बाहेर बघत राहिलास. मला तेव्हा तुझा हात धरावासा वाटला होता. धरला नाही, कारण आपल्यात भांडण चालू होतं.

तरी मी म्हणेन की तू चूक होतास. निदान थोडासा. आणि ते तुलाही पटलं होतं, ह्याचा पुरावा माझ्याकडे आहे. माझे बाबा शेवटच्या आजारात डोंबिवलीला हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा सलग कितीतरी रविवार खाडीपारमध्ये घडामोड झाली नाही. सर्व्हर बिघडलाय, असं तू ग्रुपवर टाकायचास. मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून ते वाचायची आणि मनात म्हणायची, बरं झालं, आपलं काही चुकत नाहीये. बाबा गेले, मी परत आले, आणि त्याच रविवारी सर्व्हर दुरुस्त झाला. पुढे वर्षाने हरेश बोलता बोलता बोलून गेला की सर्व्हरला काही झालेलंच नव्हतं, तूच तो बंद ठेवत होतास. झालेली गोष्ट परत करायची नाही म्हणून तू ती होऊच दिली नव्हतीस. अख्खं गाव माझ्यासाठी थांबवून ठेवलंस आणि मला कळू दिलं नाहीस. मला कळलंय, हे मीही तुला कळू दिलं नाही. आभार मानले असते तर तू अवघडून गेला असतास, विषय बदलून माझ्या पारूच्या एखाद्या चुकीवर घसरला असतास. आता मानते. तू मला त्या दिवसांत एक जागा राखून ठेवलीस, तेवढ्यावर मी तगले.

तर मूळ प्रश्न, पुढे काय. तू नाखव्याला काय करायचं ते सांगून गेला नाहीस. खाडीच्या पलीकडे काय आहे हेही सांगून गेला नाहीस. इतकी वर्षं नाखवा सगळ्यांना काठाकाठाने फिरवायचा आणि पलीकडच्या तीराचं नाव काढलं की म्हणायचा, आज वारा नाही. मी तुला किती वेळा खोदून विचारलं. हरेशचं ठाम मत आहे की तुलाच माहीत नव्हतं. त्याला तसाही तुझ्या नाखव्यावर भरवसा कमी. तो ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळी घरातला, आणि तुझा नाखवा बोलायला लागला की तो ग्रुपवर लिहायचा, "हा नाखवा स्कॉलरशिपला बसलेला वाटतो." तू बिचारा तरी शुद्धच बोलत राहायचास.

तीन सूचना आल्या. एक, नाखव्याला वादळात जाऊ द्यावं, मोठी घडामोड करावी, सगळ्यांना रडून घेता येईल. दोन, तो लांबच्या सफरीवर गेला असं सांगावं. तिसरी हरेशने मांडली, मला फोन करून. "तू चालव ना त्याला, मेधाताई. तू त्याच्यासारखंच लिहितेस. कोणाला कळणार पण नाही."

कोणाला कळणार नाही, ह्याचीच मला भीती वाटली. मी कोर्टात स्टेनो आहे. इतकी वर्षं दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेणं हेच माझं काम. साक्षीदार अडखळला तर अडखळलेलं लिहायचं, गप्प राहिला तर गप्प राहिला असं लिहायचं. त्याच्या तोंडात आपला एक शब्द घालायचा नाही. चांगल्या हेतूनेही नाही. आणि तुझ्या तोंडात मी घालू? तुला वादळात बुडवू, की सफरीवर पाठवू, की रोज संध्याकाळी तुझ्या नावाने आज वारा नाही असं लिहीत बसू? ह्यातलं काहीही केलं तरी तुझ्याच नियमाने ते कायमचं होणार होतं. मी ग्रुपवर लिहिलं की सध्या काहीच ठरवायचं नाही. रविवारी चारला सगळ्यांनी नुसतं धक्क्यावर जमायचं, नाखव्याला राम राम करायचा, बसायचं थोडा वेळ. गोष्ट पुढे न्यायची नाही.

नाखवा धक्क्यावरच होता, हे एक सांगायचं राहिलं. तुला हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा तुझा कॉम्प्युटर चालू राहिला, आणि तुझ्या आईने तो कोणाला बंद करू दिला नाही. त्यामुळे तुझं ते फेटेवालं चित्र होतं तिथेच उभं, आणि त्याच्या डोक्यावर खेळाने आपोआप लिहिलेलं, नाखवा विचारात आहे. येणारा-जाणारा त्याच्या पायाशी काहीतरी ठेवून जायचा. धर्माने रोज मीठ ठेवलं. कोणी कंदील, कोणी भाकरी. मी पारूकडून गुडघ्याचा लेप ठेवला. मोठ्या माणसांनी असलं काही करावं का, असं माझी वहिनी विचारेल. तिला अजून वाटतं मी मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडते.

काकूंनी, म्हणजे तुझ्या आईने, मला त्या रविवारी घरी बोलावलं. "तो दर रविवारी दार लावून आत काय करायचा, ते मला एकदा दाखव," म्हणाल्या. "मी नातेवाइकांना सांगायचे, त्याचं ऑफिसचं काम असतं. दाराबाहेर चहा ठेवायचे. आतून तो एकटाच बोलत असल्यासारखा आवाज यायचा. मला काळजीच वाटायची." मी माझा लॅपटॉप घेऊन गेले. तुझ्या टेबलाशी एक खुर्ची काकूंना दिली, तुझ्या खुर्चीवर मी नाही बसले, स्टूल ओढून घेतलं. तुझ्या पडद्यावर नाखवा, माझ्या लॅपटॉपवर पारू. चार वाजायला आले तशी माणसं यायला लागली. खेळ सोडून गेलेलेही आले. दीपस्तंभात गेलेल्या भावाचं पात्र करणारा तो मुलगा तिकडून परदेशातून आला, नव्या पात्राने, कारण जुनं तू संपवलेलं. मी काकूंना एकेक ओळख करून देत होते आणि त्या शाळेच्या मस्टरवर बघावं तशा चष्म्यातून बघत होत्या. चाळीस वर्षांची मास्तरकी कुठे जाणार?

चार वाजले आणि सगळे मुके झाले.

आम्ही सगळेच एक गोष्ट विसरलो होतो. रविवारी चारला खेळ आपोआप घडामोडीवर जातो, आणि घडामोडीत नाखवा पहिलं वाक्य बोलेपर्यंत दुसऱ्या कोणाचं बोलणं पडद्यावर उमटतच नाही. गलका होऊ नये म्हणून तूच करून ठेवलेलं, आणि ते बंद कुठून करायचं तेही फक्त तुला माहीत. शनिवारी जमलो असतो, सोमवारी जमलो असतो, अगदी पाच वाजता आलो असतो तर हवं ते बोलता आलं असतं, कारण पहिल्या तासाभरात नाखवा बोलला नाही तर खेळ आपला नेहमीसारखा होतो. पण आम्हाला रविवार चारशिवाय दुसरी वेळ सुचलीच नाही. वर्षानुवर्षं चारच्या ठोक्याला तू पहिला बोलायचास, त्यामुळे तू बोलला नाहीस तर काय होतं ते कोणी पाहिलंच नव्हतं. धक्का भरून माणसं उभी होती आणि एकाचाही आवाज नाही. मोबाइलवर मात्र ग्रुप वाजायला लागला. काही दिसत नाहीये. माझं नेट गेलंय का? आणि मग एकाला आठवलं आणि मग सगळ्यांचं तेच. मेधाताई, नाखव्याला बोलव. फक्त एक शब्द. राम राम म्हण नुसतं.

तुझा कीबोर्ड माझ्यापासून हातभरावर होता. मी हात पुढे केला आणि मला जमेना. एक राम राम, तोही जमेना. मला रडू यायला लागलं, आणि आपण पन्नाशीच्या बाईने ह्या गोष्टीसाठी रडावं ह्याचा रागही यायला लागला.

"काय झालं? थांबलेत का सगळे?" काकूंनी विचारलं.

"काकू, तो बोलल्याशिवाय सुरू होत नाही."

"काय बोलायचं असतं?"

"काहीही चालतं. पण मी नाही लिहू शकत."

"सरक जरा," त्या म्हणाल्या. खुर्ची पुढे घेतली. एकेक अक्षर शोधत, एका बोटाने, मध्येच मला विचारत, त्यांनी लिहिलं. मी वाचलं. मिलिंद गेला. मी त्याची आई लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणालाच मी ओळखत नाही.

मला वाटलं होतं त्या फार तर नमस्कार लिहितील. आपल्या खाडीपारमध्ये मिलिंद हे नाव आजवर एकदाही आलेलं नव्हतं. तू येऊ दिलं नव्हतंस. मी म्हटलं, "काकू, हे एकदा गेलं की मागे नाही घेता येत."

"खोटं आहे का त्यातलं काही?" त्यांनी विचारलं आणि बटण दाबलं.

आधी नुसता गोंधळ झाला. इतका वेळ अडकून राहिलेलं सगळ्यांचं बोलणं एकदम पडद्यावर सांडलं, राम राम नाखवा, मी आलेय, हॅलो हॅलो, कोणाला दिसतंय का, अरे काय चाललंय. आणि मग पुन्हा शांत. ह्या वेळची शांतता खेळाने केलेली नव्हती. मला वाटलं, आता कोणीतरी लिहिणार, काकू, मी हरेश बोलतोय, आणि संपणार सगळं.

धर्माने लिहिलं. आई, धक्का ओला आहे, हात द्या. होडी आम्ही वल्हवतो.

कोणीही पात्र सोडलं नाही, मिलिंद. एकानेही नाही. ओळीने पुढे आले आणि आपापलं नाव सांगितलं, खाडीपारमधलं. काकू प्रत्येकाला विचारत होत्या, कुठे राहता, घरी कोण कोण असतं. पडलेल्या दीपस्तंभापाशी, मिठागराजवळ, मासळी बाजारात, अशी उत्तरं येत होती. काकूंनी मला हळूच विचारलं, "खरं सांगतायत ना?" मी म्हटलं, हो. मग त्यांना होडीत बसवलं आणि सगळं गाव तुझ्या आईला तू केलेलं दाखवत फिरलं. पुलाचे खांब आले तेव्हा त्यांनी लिहिलं, हा पूल कोणी पाडला? धर्मा म्हणाला, तुमच्या मुलाने, आई. काकू हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा, मी होते तिथे.

होडी फिरत फिरत खाडीच्या मध्यावर आली. पलीकडचा तीर समोर. धर्माने वल्हं थांबवलं आणि विचारलं, आई, पलीकडे जायचं का? आज वारा आहे. त्या हो म्हणाल्या असत्या तर तिथे काय आहे ते कोणीतरी तिथल्या तिथे रचलं असतं, आणि तुझ्या गोष्टीचा शेवट तोच ठरला असता. हरेशला ते कळत होतं, तरी त्याने विचारलं. त्याला वाटलं असणार, हा अधिकार तुझ्या आईचा आहे. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग लिहिलं, नको, मला दिवा लावायचा आहे, घरी सोडा. आणि त्या खरंच उठून देवघरात गेल्या. सगळ्यांनी मिळून रिकामी होडी धक्क्याला आणून लावली.

प्राजक्ता ह्यातल्या कशालाच नव्हती. ती आता वॉर्डची इनचार्ज आहे, त्या रविवारी दुसऱ्या दोघींना रजा देऊन स्वतः थांबली होती. सोमवारी तिचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात डबा उघडून बसले होते. तिने काही म्हणायच्या आतच मी बोलून मोकळी झाले, "प्राजक्ता, आपण परत करू. तुझ्यासाठी. मी काकूंना विचारते, त्या नाही म्हणणार नाहीत." इतकी वर्षं मी तुझ्याकडे जे मागत होते ते आता माझ्या हातात होतं, आणि माझी तयारी होती.

ती म्हणाली, "नको गं मेधाताई. त्या बाईला परत तेच लिहायला लावणार का आपण?"

मला ते सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं. परत करायचं म्हणजे काकूंनी परत त्या खुर्चीत बसून, एकेक अक्षर शोधत, मिलिंद गेला असं लिहायचं. तू हे मला कधी सांगितलं नाहीस. तू सांगायचास ॲक्टिंग, खरं-खोटं, असलं काहीतरी, आणि मी कोर्टाच्या तारखा सांगत बसायची. दीपस्तंभाच्या वेळी तिथेही कोणीतरी असं होतं का, ज्याला परत त्यातून न्यायचं तुझ्या जिवावर आलं? असेल तर ते तू मला का सांगितलं नाहीस, आणि मी तुला का विचारलं नाही?

"तू सांग ना काय झालं," प्राजक्ता म्हणाली. "सगळं सांग. कोण कुठे उभं होतं तिथपासून."

मग सांगितलं. डबा तसाच राहिला. ती मध्ये मध्ये विचारत होती, धर्मा आधी बोलला की तो परदेशातला, काकू हसल्या म्हणजे कशा हसल्या, साडी कुठली होती. तिच्या प्रश्नांमुळे मला माझ्या लक्षात न आलेल्या गोष्टी आठवत गेल्या. मी सांगताना रडले, ती ऐकताना रडली, आणि ते ॲक्टिंग नव्हतं हे मी तुला शपथेवर सांगते. शिपाई बोलवायला आला, साहेब बसलेत म्हणाला, तेव्हा मी फोन ठेवला.

आपलं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. तू जिंकलास असं तर मुळीच नाही, ते ऐकायला तू इथे असायला हवं होतंस. मी फार थकले आहे, मिलिंद. पुढच्या रविवारी काय होणार ते मला अजून माहीत नाही, आणि विचारणाऱ्यांना मी तसंच सांगणार आहे. पण त्या रविवारी धक्क्यावर नसलेले तुम्ही दोघंच, प्राजक्ता आणि तू. तिला मी फोनवर सांगितलं. तुला हे असं सांगावं लागतंय, आणि तू मध्ये काहीच विचारत नाहीस.